पऱ्हाटी शोधणाऱ्याला कापूस सापडावा: खेड्यातील ग्रंथालय आणि समाजमाध्यमे

डिसेंबर लागला की विदर्भातल्या आमच्या वाचनालयात एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो: पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे उभे पीक, उपटून टाकावी की फरदड घ्यावी, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून आणखी कापूस वेचावा? विचारणारा शेतकरी पुस्तक मागायला आलेला नसतो. बाजाराच्या दिवशी तो वर्तमानपत्र वाचायला येतो, बाकावर बसतो आणि शेजारच्याशी बोलताना मनातले बाहेर पडते. त्याच्या पाठीमागे, चार हातांवरच्या कपाटात, कपाशीच्या किडींवरचे पुस्तक असते आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकाही असतात. त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला असा एखादा शेतकरी असतो, ज्याने फरदड ठेवली आणि पुढच्या हंगामात गुलाबी बोंडअळीचे नुकसान सोसले. प्रश्न, पुस्तक आणि अनुभवी माणूस हे तिघे एकाच गावात असून त्यांची गाठ पडत नाही. ग्रंथालयांनी समाजमाध्यमांची साधने हाती का घेतली, हे समजून घ्यायचे असेल तर ही न पडलेली गाठ डोळ्यांसमोर ठेवावी.

इंटरनेटच्या पहिल्या काळात संकेतस्थळ हे ग्रामपंचायतीच्या सूचना फलकासारखे होते. लिहिणारा एक, वाचणारे अनेक, आणि वाचणाऱ्याला त्यावर काही लिहिण्याची सोय नाही. २००४ च्या सुमारास हे चित्र बदलू लागले. वाचणाराच मजकूर लिहू लागला, छायाचित्रे टाकू लागला, दुसऱ्याने लिहिलेले दुरुस्त करू लागला, आणि या बदलाला ‘वेब २.०’ असे नाव पडले. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, मायकेल केसी या अमेरिकी ग्रंथपालाने ‘लायब्ररी २.०’ हा शब्द वापरात आणला. त्यामागचा विचार सोपा होता: ग्रंथालयाच्या सेवा ग्रंथपालाने एकट्याने ठरवू नयेत, वाचकाने त्यात भर घालावी, बदल सुचवावेत आणि त्या सेवा वेळोवेळी तपासल्या जाव्यात. फलकाच्या जागी पार आला, असे म्हटले तरी चालेल. मात्र पारावरचे बोलणे वाऱ्यावर जाते, आणि ग्रंथालयाला ते जाऊ द्यायचे नसते. पार खुला ठेवायचा आणि तिथे बोलले गेलेले मोलाचे शब्द नोंदवून जपायचे, हेच खरे काम आहे, आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे.

हा विचार आपल्याकडे परका नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. दुसरे सूत्र आपण थोडेफार पाळतो, कारण वाचक मागतो आणि आपण शोधून देतो. तिसरे मात्र कठीण आहे, कारण पुस्तक काही मागत नाही; ते कपाटात गप्प राहते आणि दहा वर्षे कोणी नेले नाही तरी तक्रार करत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये आला, त्याच्या आधाराने खेडोपाडी ग्रंथालये उभी राहिली आणि ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गांत त्यांना मान्यता व अनुदान मिळू लागले. ‘ड’ वर्गाच्या लहान वाचनालयातसुद्धा असे गप्प राहिलेले ग्रंथ शेकड्यांनी असतात. गावातल्या जवळपास प्रत्येक घरात आज निदान एक स्मार्टफोन आहे. त्या फोनपर्यंत पुस्तकाचे नाव पोहोचवणे हा तिसऱ्या सूत्राचाच भाग आहे.

आता शोधाकडे पाहू, कारण माणसे आणि विचार यांची ताटातूट सर्वात आधी इथेच होते. आपली बहुतेक ग्रंथालये ड्युई दशांश पद्धतीने पुस्तके लावतात. तीत प्रत्येक विषयाला एक क्रमांक असतो; कापसाचा हा वर्गांक ६३३.५१ आहे आणि सूचीत विषय लिहिला जातो ‘कापूस – कीड व रोग’. ही पद्धत उत्तम आहे, कारण तिच्यामुळे एका विषयाची पुस्तके एका जागी राहतात. पण आमच्याकडचा माणूस उभ्या पिकाला कापूस म्हणत नाही, तो पऱ्हाटी म्हणतो. कापूस म्हणजे त्याच्या लेखी वेचून घरात आणलेला माल. संगणकाच्या सूचीत त्याने ‘पऱ्हाटी’ असा शब्द टाकला तर उत्तर येते: काही सापडले नाही. शेताच्या सीमेचेही तसेच. पश्चिम महाराष्ट्रातला ‘बांध’ आमच्याकडे ‘धुरा’ होतो, आणि धुऱ्याच्या भांडणावर काही वाचायला हवे असलेल्या माणसाला ‘जमीन महसूल अधिनियम १९६६’ हे शीर्षक त्याच्याच कामाचे आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

यावर समाजमाध्यमांच्या जगात निघालेला उपाय मला फार महत्त्वाचा वाटतो. पुस्तकाला, छायाचित्राला किंवा लेखाला वाचकांनी स्वतःच्या शब्दांत खुणेच्या चिठ्ठ्या लावायच्या, त्यांना ‘टॅग’ म्हणतात. अशा चिठ्ठ्यांतून आपोआप जे वर्गीकरण तयार होते, त्याला थॉमस वँडर वाल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिले. मराठीत लोकवर्गीकरण म्हणता येईल. २००५ मध्ये सुरू झालेल्या लायब्ररीथिंग या संकेतस्थळावर वाचकांनी आपापल्या घरच्या पुस्तकांना अशा चिठ्ठ्या लावल्या, आणि त्यांतून विषयशीर्षकांत कधीच न येणारे शब्द पुढे आले. ‘कोहा’ या ग्रंथालयीन संगणकप्रणालीतही वाचकाला टॅग आणि अभिप्राय जोडण्याची सोय आहे. ग्रंथपाल आधी ते तपासतो आणि मग ते सर्वांना दिसतात. कोहाची कथा आपल्या खेड्यांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयासाठी ती १९९९ मध्ये तयार झाली, २००० च्या जानेवारीत कामाला लागली आणि सर्वांना मोफत वापरता येईल अशी खुली ठेवली गेली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. ज्या वाचनालयात संगणक नाही त्याचेही अडत नाही. आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहिले जाते त्या आमच्या दाखल नोंदवहीच्या शेजारी एक साधी वही असते. वाचक पुस्तक परत करतो तेव्हा आम्ही विचारतो, “काकाजी, या पुस्तकात काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा बरं,” आणि ते जो शब्द वापरतात तो पुस्तकाच्या दाखल क्रमांकापुढे लिहून ठेवतो. ‘पऱ्हाटी’, ‘धुरा’, ‘पांदण’ हे शब्द अशा रीतीने सूचीत आले. पाऊण-एक वर्षात ही वही इतकी उपयोगी झाली की नवीन शिपाईदेखील तिच्या आधाराने पुस्तक काढून देऊ शकतो.

वाचक केवळ शब्द देत नाहीत, माहितीही देतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १६ जानेवारी २००८ रोजी फ्लिकर या छायाचित्रांच्या समाजमाध्यमावर आपल्या संग्रहातील सुमारे ३,००० जुनी छायाचित्रे ठेवली आणि लोकांना आवाहन केले की यांत काय दिसते ते सांगा. अनेक छायाचित्रांखाली अपुरी किंवा चुकीची माहिती होती. पाहणाऱ्यांनी माणसे ओळखली, गावे ओळखली, जुन्या वर्तमानपत्रांतील बातम्या शोधून तारखा लावून दिल्या. पुढची पायरी अधिक महत्त्वाची होती: ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी आलेली माहिती पडताळली, जी खरी ठरली ती मूळ सूचीत चढवली, आणि ती कोठून आली याचा उल्लेख नोंदीत केला. लोक बोलले, ग्रंथालयाने तपासले, मग लिहिले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या सेवेत हेच काम जुन्या वर्तमानपत्रांबाबत चालते. छापील पानांवरचा मजकूर यंत्राने वाचताना केलेल्या चुका सामान्य वाचक ओळ न् ओळ दुरुस्त करतात.

पूर्व विदर्भातल्या वाचनालयांनी हा धडा आजच गिरवावा, असे मला मनापासून वाटते. झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्याचे मोठे केंद्र. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि दंडार हे लोकनाट्य रात्रभर रंगते. या सगळ्याचा कागदी पुरावा म्हणजे काय, तर गावात वाटलेली जाहिरातीची पत्रके, भिंतीवरचे फलक आणि कोणाच्या तरी पेटीत राहिलेले छायाचित्र. हे काही ग्रंथ नव्हेत, त्यामुळे ते दाखल नोंदवहीत येत नाहीत आणि एका पावसाळ्यात संपतात. वाचनालयाने आठवड्याला एक जुने छायाचित्र किंवा पत्रक, मालकाच्या परवानगीने, आपल्या फेसबुक पानावर किंवा व्हॉट्सॲपवर टाकावे आणि एवढेच विचारावे: हे कोणते गाव, कोणते मंडळ, कोणते वर्ष, उजवीकडून तिसरा कोण? उत्तरे पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांकडून येतील, नागपूरला स्थायिक झालेल्या म्हाताऱ्या कलावंताकडून येतील. दोन स्वतंत्र माणसांनी तेच सांगितले तर ते नोंदवावे, एकानेच सांगितले असेल तर तसे लिहून ठेवावे.

साधन कोणते निवडावे, यावर आमच्या तालुक्यात बरीच चर्चा होते. माझ्या मते ती गरजेपेक्षा अधिक होते, पण फरक माहीत असावा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ सभासद घेता येतात, सर्वांना बोलता येते, आणि सर्वांना सर्वांचे नंबर दिसतात. ही शेवटची गोष्ट खेड्यात लहान नाही. आमच्या महिला सभासदांपैकी कित्येक जणींनी केवळ यामुळे ग्रुपमध्ये येण्यास नकार दिला, आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. भारतात सप्टेंबर २०२३ पासून मिळालेल्या ‘चॅनल’ या सोयीत अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, परंतु तिथे बोलणे एका बाजूने असते. म्हणजे आपण पुन्हा सूचना फलकाकडे जातो. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश मिळतो. आम्ही शेवटी नवीन पुस्तकांच्या वार्तेसाठी चॅनल आणि शेती, भरतीपरीक्षा व बालविभाग यांसाठी लहान लहान ग्रुप असे ठेवले. अभ्यासिकेतली मुले पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेचे प्रश्न एकमेकांना विचारतात, आणि ग्रंथपालाने तिथे उगाच मध्ये पडू नये.

ग्रुपची खरी कसोटी प्रश्न आल्यावर लागते. फरदडीचा तोच प्रश्न एका संध्याकाळी शेतीच्या ग्रुपवर आला. वीसेक मिनिटांत नऊ उत्तरे आली, त्यांत तीन एकमेकांच्या विरुद्ध. आम्ही त्या वेळी काहीच लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातून विद्यापीठाची पुस्तिका काढली, संबंधित पाने वाचली आणि आमच्या शब्दांत चार वाक्ये लिहिली: शेतात कपाशी हंगामानंतरही उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते आणि पुढच्या वर्षीच्या पिकावर ती लवकर येते, म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड घेऊ नये आणि उपटलेल्या पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नयेत, कारण अळी त्यांतील बोंडांत सुप्तावस्थेत राहते. खाली पुस्तिकेचे नाव, पान आणि दाखल क्रमांक दिला, आणि २०१७ च्या हंगामात बोंडअळीने ज्यांचे पीक गेले होते त्या शेतकऱ्याला त्यांचा अनुभव आवाजी संदेशात सांगण्याची विनंती केली. पुस्तक आणि माणूस एका जागी आले तो माझ्या कामातला समाधानाचा दिवस होता. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: फरदड ठेवणाऱ्याला त्या चार क्विंटलांच्या पैशांची गरज असते, आणि पुस्तिकेत त्या गरजेचे उत्तर नव्हते. ती अडचणही आम्ही उत्तराखाली लिहून ठेवली.

ग्रंथालयाने गप्पांपेक्षा एक पाऊल पुढे का जावे, हे आणखी एका घटनेवरून कळते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा अफवा तेव्हा फोनवरून गावोगाव फिरत होत्या. त्यानंतर व्हॉट्सॲपने संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा आणल्या. आज जो संदेश अनेकदा फिरून आला आहे त्यावर दुहेरी बाणाची खूण दिसते आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही खूण कशी ओळखावी, छायाचित्र जुने आहे की नवे हे कसे शोधावे, बातमीचा मूळ स्रोत कसा पाहावा, हे शिकवण्यासाठी गावात ग्रंथालयाइतकी योग्य जागा नाही, कारण ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारणे ही आमची रोजची सवय आहे.

हीच सवय विकिपीडियाला हवी असते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि त्याचा पाया असा की तिथले प्रत्येक महत्त्वाचे विधान प्रकाशित संदर्भाने पडताळता आले पाहिजे. गावातला उत्साही तरुण आपल्या गावावर लेख लिहितो आणि तो संदर्भाअभावी काढला जातो, तेव्हा तो दुखावतो; पण लागणारा संदर्भ बहुधा वाचनालयातच असतो. जिल्ह्याचे गॅझेटियर, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, साहित्य संमेलनाचा विशेषांक ही ती पुस्तके. २०१६ पासून जगभरचे ग्रंथपाल ‘एक ग्रंथपाल, एक संदर्भ’ या मोहिमेत दरवर्षी भाग घेतात: प्रत्येकाने विकिपीडियाच्या एका लेखात निदान एक चांगला संदर्भ जोडायचा. याला अर्धा तास लागतो आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

इथे प्रताधिकाराबद्दल (कॉपीराइटबद्दल) थांबून सांगणे भाग आहे, कारण ग्रुपवर आख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकणे हीच ग्रंथालयाची सेवा आहे, असा समज फार पसरला आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर प्रताधिकार राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे आणि ते विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहासारख्या ठिकाणी कोणालाही ठेवता येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्यांचे नाव आमच्याकडे प्रत्येक भजन मंडळात असले तरी त्यांच्या लेखनावरील प्रताधिकाराची मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. महानुभाव पंथाचे ग्रंथ तर शतकानुशतके जुने आहेत; त्या पंथाचे रिद्धपूर हे क्षेत्र आमच्या अमरावती जिल्ह्यातले. मूळ रचनेवर कोणाचा हक्क नाही, परंतु अलीकडच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा त्याच्या मालकीच्या असू शकतात. शंका असेल तर पुस्तकाचे नाव, पान क्रमांक आणि स्वतःच्या शब्दांतला सारांश द्यावा. त्याने वाचक वाचनालयात येतो आणि लेखकाचे नुकसानही होत नाही.

आमच्या हातून झालेली एक चूक इथे लिहितो, म्हणजे दुसऱ्या वाचनालयाने ती करू नये. एका वर्षी थकीत पुस्तकांची यादी आम्ही सभासदांच्या नावांसह ग्रुपवर टाकली. एका ताईंच्या नावापुढे दारूच्या व्यसनातून माणसाला बाहेर काढण्याविषयीचे पुस्तक होते. त्यांच्या घरचे दुःख एका संदेशाने गावभर झाले. त्यांनी पुस्तक परत पाठवले आणि त्या पुन्हा कधी वाचनालयात आल्या नाहीत. कोणी काय वाचले हे ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातच राहिले पाहिजे. तेव्हापासून थकीत पुस्तकांची आठवण आम्ही एकेकाला फोन करून देतो आणि पुस्तकाचे नाव फक्त सभासदालाच सांगतो. मुलांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. बालविभागाच्या ग्रुपमध्ये आम्ही मुलांचे नव्हे, पालकांचे नंबर घेतो.

राहिले ते लोक, ज्यांच्या हातात फोन नाही किंवा घरातला एकच फोन दिवसभर मुलाजवळ असतो. गडचिरोलीच्या कित्येक गावांत नेट मिळण्यासाठी उंचावर जावे लागते, आणि आमच्याकडे लाईन गेली की फोन रात्रीपुरता बंदच. त्यांना वगळून होणारी देवाणघेवाण अपुरी आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने इंटरनेट नसतानाच्या काळात अभ्यासगटाची पद्धत रुजवली: गावातील माणसे एकत्र बसून विषय समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, चर्चा करतात आणि मग ग्रामसभा निर्णय घेते. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशा अभ्यासाचा मोठा वाटा होता. व्हॉट्सॲप ग्रुप हा अभ्यासगटाची जागा घेऊ शकत नाही; फार तर तो गटाला जोडलेला एक दूरचा बाक होऊ शकतो.

म्हणून आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. दर शनिवारी मी आठवड्यातले ग्रुपवरचे प्रश्न काढतो, ज्यांना आधारासह उत्तर मिळाले ते दोन प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो आणि खाली पुस्तकाचा दाखल क्रमांक देतो. ज्यांना उत्तर मिळाले नाही तेही लिहितो. रविवारी बाजाराला आलेली माणसे ते वाचतात, त्यांच्यापैकी कोणी आत येऊन सांगतो की हे मला माहीत आहे, आणि मी ते संध्याकाळी ग्रुपवर टाकतो. प्रश्न, उत्तर देणाऱ्याचे नाव (त्याची हरकत नसेल तर), पुस्तक, पान आणि तारीख असे पाच रकाने असलेली वही दाखल नोंदवहीच्या शेजारी ठेवलेली असते. सध्या तिच्यातला सर्वात जुना अनुत्तरित प्रश्न संत्र्याच्या एका जुन्या गावठी जातीचा आहे. तो फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तसाच ठेवला आहे.